साडीपेक्षा लांब वायर

माझा आवाज मोठा आहे. माहेरी, गोंदियात फुलचूरच्या बाजूला, आमच्या घरात सगळेच असे बोलायचे की शेजाऱ्यांना वाटावं भांडण लागलं. लग्न होऊन आमगावला आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात सासू म्हणाली, "काऊन वो, अशी कायले ओरडून राहिली? आमी का नदीच्या पल्याड राहतो?" मी हसले होते. तोच आवाज पुढे भिंतीपलीकडे जाऊन काय करून आला ते सांगायचं आहे, आणि सांगताना मला लाज वाटते आहे, हे आधीच सांगून टाकते.

घराची समोरची खोली रस्त्याला लागून. तिथे भासऱ्यांचा फोटो स्टुडिओ. भासरे म्हणजे माझ्या नवऱ्याचे मोठे भाऊ. त्यांनी स्वतः लग्न केलं नाही, पण आमगावपासून देवरीपर्यंत दुसऱ्यांची किती लग्नं त्यांच्या कॅमेऱ्यातून गेली, ते त्यांनाही सांगता येणार नाही. मांडवात नवरीचा काका कुठे रुसून बसला आहे, हे तिच्या बापाच्या आधी त्यांना दिसायचं. ते शूटिंग करायचे आणि मी मागच्या खोलीत कॉम्प्युटरवर त्याची फिल्म तयार करायची. गिऱ्हाईक म्हणायचं, फोटो काढावा यांनी आणि कापाकापी करावी सुनेनं. आमच्या हिशेबी आमची जोडी जमलेली होती, फक्त त्या जोडीतले दोघं एकमेकांशी बोलत नव्हते.

भांडण नव्हतं हो. आमच्याकडे रीतच तशी. धाकट्या भावाच्या बायकोनं भासऱ्यासमोर पदर घेतल्याशिवाय यायचं नाही, एका बाजेवर बसायचं नाही, थेट बोलायचं नाही. त्यांना काही सांगायचं तर सासूला सांगायचं. सासू घरात नसली तर भिंतीला सांगायचं. खोटं नाही सांगत, मी दारामागून भिंतीकडे तोंड करून म्हणायची, "भाजी झाकून ठेवली आहे," आणि ते रस्त्याकडे तोंड करून म्हणायचे, "हो जी." मैत्रिणींना हे सांगितलं की त्या पोट धरून हसायच्या. मीही हसायची. पण इतक्या वर्षांत मी त्यांना एकदाही हाक मारली नव्हती. काय म्हणून मारायची, तेही ठरलेलं नव्हतं.

आता काम कसं चालायचं? शूटिंग करून आले की त्यांच्याजवळ कॅमेऱ्याचं कार्ड असायचं, आणि माझा कॉम्प्युटर आतल्या खोलीत. सुरुवातीला सासू ते कार्ड मुठीत धरून आत आणून द्यायची. एकदा तिनं ते लुगड्याच्या गाठीत बांधलं आणि लुगडं भिजत घातलं. त्या दिवसापासून मी ठरवलं, कार्डानं हिंडायचंच नाही. गोंदियाहून लांब वायरी आणल्या, एकीला दुसरी जोडली, दुसरीला तिसरी, आणि कार्ड वाचायची डबी थेट स्टुडिओच्या काउंटरवर नेऊन ठेवली. वायर काउंटरच्या मागून, खिडकीच्या चौकटीवरून, देवाच्या कोनाड्याखालून माझ्या टेबलावर. ते तिकडे कार्ड लावायचे आणि भिंतीवर एकदा टकटक करायचे. मी इकडे कॉपी करून घ्यायची, झालं की दोनदा टकटक. मग ते कार्ड काढायचे आणि पुढच्या लग्नासाठी कोरं करून ठेवायचे. सासू खूश, नवरा खूश. खरं सांगायचं तर सगळ्यांत खूश मी. आत पदर नको, पाय खुर्चीवर घेऊन बसावं, चहा ओरपावा. रीतीला नावं ठेवायची आणि तिचीच सोयही घ्यायची, असं माझं चाललं होतं.

आणि मी कोण? लग्नाआधी गोंदियात एका कॉम्प्युटर क्लासमध्ये हार्डवेअर शिकवणारी. जुन्या मोठ्या मशीनमध्ये एकाच चपट्या पट्ट्यावर चार-सहा डिस्क जोडलेल्या असायच्या. तो पट्टा जास्तीत जास्त किती लांब चालतो, दोन डिस्कमध्ये कमीत कमी किती अंतर लागतं, हे मी पोरांकडून ओरडून ओरडून पाठ करून घेतलं आहे. पट्टा लांबला की सिग्नल थकतो. जोड आला की त्यातला थोडा तिथूनच मागे फिरतो आणि आपल्याच मागून येणाऱ्याला धडकतो. डिस्क अगदी चिकटून बसवल्या तरी तोच गोंधळ. फार लांबही नको, फार जवळही नको, फळ्यावर लिहून खाली दोन रेघा मारायची मी. कोणी चुकलं तर सगळ्यांसमोर उभं करायची. आता त्या चपट्या पट्ट्या गेल्या, बारीक वायरी आल्या. पण वायर बारीक झाली म्हणून कायदा सुटत नाही. हल्लीच्या वेगवान वायरीला तीन मीटरच्या आत ठेवावं, हे मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं.

तर गेल्या लग्नसराईत कॉपी मधेच तुटायला लागली. कॉम्प्युटर "टुडुंग" करायचा आणि पडद्यावर यायचं की कार्ड काढलं गेलं. काढलं गेलं म्हणजे कोणीतरी काढलं. आणि तिकडे कोण होतं? मी इकडून ओरडायची, "आई, त्यांना म्हणा, टकटक होईपर्यंत कार्डाला हात लावू नका!" सासू मधल्या दारात उभी राहून तिकडे बघायची. भासरे म्हणायचे, "माय, लहानीले सांग, मी हात नाही लावलो." लहानी म्हणजे मी, धाकट्याची बायको. सासू म्हणायची, "कार्ड तं जाग्यावरच हाय वो." मी म्हणायची, "परत घातलं असेल." किती सोपं होतं. भिंतीपलीकडचं मला दिसत नव्हतं, म्हणून मी ठरवीन ते खरं.

बहुतेक वेळा मी पुन्हा कॉपी करायची आणि निभून जायचं. पण सराईत एकावर एक लग्नं. कधी वायर क्षणभर तुटून आपोआप जोडली जायची, फाइलची नावं सगळी दिसायची, आणि मी उघडून न बघता दोनदा टकटक करून मोकळी. ते कार्ड कोरं करायचे. देवरीच्या एका मुलीच्या लग्नाचं असंच झालं. पुढे फिल्म करायला बसले तर बिदाईच्या आधीच सगळं संपत होतं. नवरी उंबऱ्यापाशी येते, आईच्या गळ्यात पडायला हात उचलते, आणि पडदा हिरवा होऊन ठप्प. पुढचं काहीच नव्हतं. मी खूप डोकं आपटलं, निघालं नाही.

मुलीचे वडील देवरीहून बसनं आले. स्टुडिओत उभे राहून भासऱ्यांना म्हणाले, "सगळं आहे, आन पोरीची बिदाईच नाही? तुम्ही तवा होते कुठं? जेवाले बसले होते का?" भासरे म्हणाले, "नाही जी, मी तिथंच होतो. पुरी घेतलो होतो." ते गृहस्थ आणखी तापले. त्यांचा आवाज रस्त्यापर्यंत जात होता. मी आत बसून ऐकत होते, आणि माझी जीभ काही आवरली नाही. भिंतीला सांगितल्यासारखं करून, पण तिकडे नीट ऐकू जाईल अशा माझ्या त्या फुलचूरच्या आवाजात मी म्हणाले, "कार्ड मधातच ओढून काढलं तर काय येणार आहे!"

मग ते वडील म्हणाले, "पाहा, तुमच्या घरचेच म्हणून राहिले." धाकट्या भावाच्या बायकोला उलट उत्तर देणं भासऱ्यांच्या रीतीत नव्हतं, आणि मला हे पक्कं माहीत होतं. ज्याला बोलता येत नाही त्याच्यावर मी बोलले, तेही गिऱ्हाइकासमोर. तेव्हा मला बरंही वाटलं होतं. एकदाचं बोलले, असं वाटलं होतं.

त्यानंतर घरात हळूहळू एकच गोष्ट सुरू झाली. आमचे हे धानाच्या व्यापारात असतात, त्यांना गावभरचं कानावर येतं. ते म्हणाले, "दादाचं आता वय झालं. विसरून राहिला तो." सासू म्हणाली, "परवा चष्मा डोयावर आन घरभर शोधत होता." माझा चष्मा मी रोज तसाच शोधते, पण तेव्हा मीही मान हलवली. ठरलं की शूटिंगला बाहेरचा माणूस लावायचा आणि दादांनी दुकानात बसून पासपोर्ट फोटो काढावेत. त्यांना हे सांगितलं सासूनं. त्यांनी कॅमेरा पुसला, लेन्सला झाकण लावलं, पिशवीत घातला आणि पिशवी कपाटाच्या वर, अगदी मागे सरकवून ठेवली. सासू म्हणाली, "एवढ्या वर कायले ठेवला बापा?" तर म्हणाले, "आता रोज थोडीच काढाचा हाय."

पुढे एक दिवस ते सकाळच्या गाडीने गोंदियाला गेले. कशाला ते मला माहीत नव्हतं, विचारायची सोय नव्हती. दुपारी शूटिंगचा नवा माणूस एका बारशाचं कार्ड टाकून गेला. स्टुडिओत कोणी नव्हतं. शटर अर्धं ओढलेलं. सासू मागच्या अंगणात वाल निवडत होती. मी स्वतःच पुढे जाऊन कार्ड डबीत लावलं, आत आले, कॉपी सुरू केली आणि खुर्चीवर पाय घेतले. थोड्या वेळानं "टुडुंग".

सवयीनं ओरडले. "आई, त्यांना विचारा, आता काऊन काढलं!" ओरडत उठले, मधल्या दारात गेले, आणि तिथेच थांबले. स्टुडिओत चिटपाखरू नव्हतं. कार्ड जागेवर होतं. माझ्या डोळ्यांदेखत डबीवरचा लहान दिवा विझला, पुन्हा लागला, पुन्हा विझला. त्याला कोणी हात लावत नव्हतं. कोणीच कधी लावला नव्हता.

मी त्या वायरीच्या मागे मागे चालत आले. खिडकीपाशी एक जोड, कोनाड्याखाली दुसरा. सगळी ओढून काढली आणि फरशीवर सरळ पसरली. मोजायला हाताशी काही नव्हतं, म्हणून दोरीवर वाळत असलेली माझी साडी आणून तिच्या बाजूला अंथरली. साडी साडेपाच मीटरची, आणि वायर तिच्या पदराच्याही पुढे गेलेली होती. तीन मीटरच्या कायद्याची मास्तरीण मी! मला त्या फरशीवर बसूनच रडायला आलं. रडणं कमी आणि स्वतःचाच संताप जास्त. क्लासमधल्या त्या पोरांपैकी एखाद्यानं अशी वायर टाकली असती तर मी त्याला दिवसभर उभा केला असता.

सासू आत आली. "साडी खाली काऊन अंथरली वो?" मी तिला सांगितलं. वायर लांब होती, म्हणून तुटत होतं, त्यांनी कधीच काढलं नव्हतं. ती वायरीकडे बघत राहिली आणि म्हणाली, "म्हंजे माहा पोरगा खरं बोलत होता?" मी हो म्हणाले. ती पुन्हा अंगणात गेली आणि वालाचं सूप तसंच पुढ्यात घेऊन बसली.

संध्याकाळी भासरे परत आले. मी ठरवलं होतं, आले की सासूकरवी सांगायचं. पण ते चप्पल काढतानाच आईशी बोलायला लागले. मी दारामागे होते. म्हणाले, "कानाच्या डॉक्टरले दाखवलो. कान साजरे हायत म्हनते."

सासूला कळेना. "तुह्या कानाले काय झालं?"

"अवो माय, मी टकटक ऐकूनच कार्ड काढतो. पन लहानी म्हनते टकटक व्हाच्या आधीच काढलो. मंग मले ऐकू येते ते कोठून येते? मले वाटलं कान वाजत असन." मग म्हणाले, "डॉक्टर म्हनते, कानाचं नाही तं मंग डोक्याचं दाखवा, नागपूरले."

मला आजही ते वाक्य आठवलं की तोंड लपवावंसं वाटतं. कॅमेरा गेला त्याबद्दल हा माणूस एक शब्द बोलला नव्हता, कारण माझं बोलणं त्यानं खरं मानलं होतं. स्वतःच्या हातावर, कानावर, शेवटी डोक्यावर संशय घेतला, पण माझ्यावर नाही. सासूनं माझ्याकडे पाहिलं. मी डोळ्यांनी म्हटलं, सांगा ना. ती म्हणाली, "आधी जेव," आणि ताट वाढायला गेली. तिलाही धीर होत नव्हता. आणि मी, जिचा आवाज नदीपलीकडे जातो, पदर दातात धरून दारामागे उभी.

रात्री नवऱ्याला सांगितलं तर हे म्हणाले, "आता ते उकरून काय करतेस? दादाला सांगून त्याला अजून त्रास. देवरीवाल्याला कळलं तर आपलीच इज्जत जाईल. बसू दे त्याला आरामात." मी म्हणाले, "आराम? ते डोकं तपासायला नागपूरला निघालेत!" हे पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर गेले.

सकाळी मी कोणाला न विचारता टेबल उचललं. म्हणजे ओढलं. कॉम्प्युटर, खुर्ची, सगळं समोरच्या खोलीत काउंटरला लावलं. डबीला तिची मूळची वीतभर वायर लावली. पदर घेतला आणि बसले. सासू म्हणाली, "भासऱ्यासमोर बसशील? लोक काय म्हनतील?" मी म्हणाले, "लोकांनी माझं भिंतीमागून बोललेलं ऐकलंय. आता समोरून ऐकतील." मोठ्या तोऱ्यात म्हणाले.

पण भासरे आंघोळ करून आले, मला तिथे बसलेलं पाहिलं आणि दारातूनच मागे फिरले. मागच्या दारानं बाहेर पडले, वळसा घालून रस्त्यापलीकडे गेले आणि चहाच्या ठेल्याच्या बाकावर बसून राहिले. एक गिऱ्हाईक आलं, ते बाकावरूनच म्हणाले, "थोड्या वेळानं या जी." मी बसले होते म्हणून त्यांना स्वतःच्या दुकानात येता येत नव्हतं. भरपाई करायला गेले आणि त्यांची उरलेली खुर्चीही घेतली. मला इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालं की मी उठलेच.

रस्ता ओलांडला. ठेल्यावर चार माणसं होती, सगळी ओळखीची. भासऱ्यांनी मान खाली घातली. मी हाक मारायला तोंड उघडलं आणि काय म्हणावं तेच कळेना. शेवटी म्हणाले, "दादा." आमचे हे म्हणतात तेच. "दादा, तुम्ही कार्ड काढलं नव्हतं. कधीच नाही. वायर लांब होती. मी टाकलेली. टकटक होत होती, मीच करत होते. तुमचे कान चांगले आहेत. मी सगळ्यांसमोर खोटं बोलले." तोच मोठा आवाज. ठेलेवाल्यानं गाळणी हातात तशीच धरली.

भासऱ्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं, थेट, पहिल्यांदा. ना भिंतीला, ना आईला. मला विचारलं, "खरंच ना, बाई? मी काढत नव्हतो ना?"

मी म्हणाले, "नाही जी."

ते पुन्हा म्हणाले, "एकदाही नाही?"

"एकदाही नाही."

घरी येऊन मी देवरीच्या त्या वडिलांना फोन केला, चूक माझी होती म्हणून सांगितलं. ते म्हणाले, "बरं," आणि ठेवला. बिदाई काही परत येणार नव्हती. यांनी कपाटावरून कॅमेऱ्याची पिशवी खाली काढली, काउंटरवर ठेवली. नव्या माणसाला आम्ही आता येऊ नको म्हणून सांगून टाकलं. आता भासरेच लग्नाला जातात, नागपूरचं नाव घरात कोणी काढत नाही. मी समोरच्या खोलीत बसते, ते काउंटरच्या दुसऱ्या टोकाला. सासूनं मधे एक स्टूल ठेवलं आहे, त्यावर कोणी बसत नाही. आम्ही थोडं थोडं बोलतोही. "लाईट गेली." "चहा झाला." वायर वीतभर आहे आणि अजून एकदाही तुटली नाही.

पण एक आहे. लग्नाहून आले की ते कार्ड डबीत लावतात, एक पाऊल मागे सरतात, आणि दोन्ही हात काउंटरवर उताणे ठेवतात, मला दिसतील असे. कॉपी होईपर्यंत तसेच. मी किती वेळा म्हणाले, "दादा, बसा ना, चहा घ्या." ते म्हणतात, "होऊ दे जी आधी." चहा शेजारी निवत राहतो. मी पडद्याकडे बघत असते, आणि ते हात मला दिसत असतात.